डोंबिवली, अंबरनाथ की बदलापूर? घर घेण्याआधी उपनगरं तोलायची कशी

मुंबईतल्या ऑफिसात कुणी म्हणालं, "बदलापूरला घर बघतोय," की जेवणाच्या टेबलावर लगेच निकाल लागतो. "बापरे, एवढ्या लांब?" डोंबिवली म्हटलं की "गर्दी!", दिवा म्हटलं की नुसतंच तोंड वाकडं होतं आणि ठाणं म्हटलं की भुवया वर, परवडलं कसं? निकाल देणाऱ्यांपैकी निम्मे जण त्या स्टेशनवर कधी उतरलेलेही नसतात. त्यांचं ऐकून घर घेऊ नका, आणि ऐकून सोडूही नका. मध्य रेल्वेवरच्या या गावांची तुलना मी खालच्या क्रमाने करायला सांगेन.

पहिली पायरी: गावाच्या नावाला तारीख विचारा

प्रत्येक गावाचं नाव कधीतरी, कुठल्यातरी भागापुरतं झालेलं असतं. डोंबिवली 'सांस्कृतिक' म्हणतात ते खोटं नाही. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली इथूनच सुरू झाली, २०१७ चं नव्वदावं साहित्य संमेलन इथे भरलं, आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अजूनही पाय ठेवायला जागा नसते. पण ही डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरातली. आज जाहिरातीत 'डोंबिवली' म्हणून विकलं जाणारं घर कल्याण-शीळ रस्त्याला असू शकतं. त्या रस्त्यावरच्या पलावा या मोठ्या गृहसंकुलातल्या लोकांना सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन म्हणजे निळजे, आणि ते दिवा-पनवेल मार्गावर आहे. तिथून फडके रोडला चालत जाऊन दाखवा!

दिव्याचं उलटं झालं. २०१५ च्या जानेवारीत तिथल्या प्रवाशांनी गाड्या रोखल्या तेव्हा ते नाव टीव्हीवर गेलं, आणि लोकांच्या डोक्यात तिथेच थांबलं. २०१६ पासून दिव्याला जलद लोकल थांबतात, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून दिवा राहायला उत्तम, असं मी म्हणत नाही. चांगलं असो की वाईट, जे ऐकाल ते किती जुनं आणि नेमकं कुठल्या गल्लीचं, एवढं विचारा.

दुसरी पायरी: अंतर नको, गाडी बघा

सीएसएमटीपासून ठाणं सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. या आकड्यांवरून वाटतं की जितकं पुढे तितके हाल जास्त. सकाळी तसं होतंच असं नाही. बदलापूरहून सुटणारी लोकल बदलापूरला रिकामी लागते. वेळेवर पोचलात तर बसायला मिळतं आणि पुढचा सव्वा-दीड तास पेपर, डुलकी, भजन, काय हवं ते. डोंबिवलीला तीच गाडी येते तेव्हा दारात लटकायलाही जागा नसते. अंतर वीस किलोमीटर कमी, पण अख्खा प्रवास एका पायावर. डोंबिवलीला डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकल आहेत. तुमच्या वेळेला एखादी आहे का, ते एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अ‍ॅपवर बघा. नसेल तर 'रिटर्न' करावं लागेल, म्हणजे आधी उलट्या दिशेच्या गाडीत बसायचं आणि तीच गाडी मुंबईकडे फिरली की जागेवर बसून राहायचं. हे रोज कराल का, याचं उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्या.

आता दुसरी बाजू. कल्याणपर्यंत चार आणि त्याहून जास्त मार्गिका आहेत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली. कल्याणच्या पुढे कर्जतकडे मात्र वर्षानुवर्षं दोनच मार्गिका, तिसरी-चौथी बदलापूरपर्यंत टाकण्याचं काम रेंगाळलेलं. त्यामुळे पुढे एखादं इंजिन बंद पडलं, सिग्नल गेला किंवा रुळावर पाणी आलं, की अंबरनाथ-बदलापूरवाले तिथेच. दुसरा रस्ता नसतो.

चाचणी अशी करा. मंगळवार किंवा बुधवार निवडा. त्या स्टेशनवर तुमच्या रोजच्या वेळेला उभे राहा, ऑफिसला जा, आणि संध्याकाळी परत या. परतीचा प्रवास लोक विसरतात. सकाळी बदलापूरला सीट मिळते, पण संध्याकाळी दादरला चढणाऱ्याला कोण देतंय? रविवारी फ्लॅट बघायला गेलात तर गाडीतली गर्दी कळणारच नाही, कळला तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली वाहतूक, कळेल.

तिसरी पायरी: स्टेशन ते दार

दलालाची 'स्टेशनपासून पाच मिनिटं' ही रात्री बारा वाजता मोकळ्या रस्त्यावर मोटरसायकलने मोजलेली असतात. संध्याकाळी साडेसातला शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, तुमच्यापुढे किती माणसं आहेत मोजा, आणि घड्याळ लावा. तेच रात्री साडेअकराला करा. रांग नसते, पण रिक्षाही नसते. पूर्व-पश्चिम जायला पूल कुठे आहे, तेही बघा. घर पश्चिमेला आणि मुलांची शाळा पूर्वेला असेल तर तो पूल तुमच्या दिवसाचा अर्धा तास खातो.

चौथी पायरी: पाणी

घर बघताना पाण्याबद्दल कुणालाही विचारा, "भरपूर आहे" असंच उत्तर येतं. प्रश्न बदला. "पाणी किती वाजता येतं?" हा प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारा, बिल्डरच्या माणसाला नको. मग सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मागच्या उन्हाळ्यातला टँकरचा खर्च विचारा. तो आकडा तुमच्या मेंटेनन्समध्ये येणारच आहे. पाणी कोण देतं, हेही गावागणिक बदलतं: अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, कल्याण-डोंबिवलीत महापालिका, आणि एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) निवासी भाग व डोंबिवलीजवळच्या २७ गावांच्या पट्ट्यात एमआयडीसीचं पाणी. एकाच गावातल्या दोन सोसायट्यांची पाणीकपात वेगळ्या वारी असते ती यामुळेच.

पाणी नळातून येतं तसं नदीतूनही येतं. उल्हास नदीकाठचा 'रिव्हर व्ह्यू' फ्लॅट बघत असाल तर २७ जुलै २०१९ आठवा. बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि प्रवाशांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात: निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत कुठल्या रेषेत बसते ते पालिकेत विचारा. शेजारच्या जुन्या चाळीत जाऊन '२००५ ला पाणी कुठवर आलं होतं?' विचारलंत तर तेही चालेल. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

पाचवी पायरी: हवा

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी मोठे स्फोट झाले. लांबवरच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखान्यांच्या जवळचं घर स्वस्त का, याचं हे एक उत्तर आहे. रासायनिक कारखाने अंबरनाथ आणि बदलापुरातही आहेत, तेव्हा फक्त डोंबिवलीच्या नावाने खडे फोडू नका. उपाय सोपा आहे: रात्री दहानंतर त्या इमारतीच्या गच्चीवर जा आणि नाकाने श्वास घ्या. वास दिवसा कळत नाही.

सहावी पायरी: कागद

ही पायरी टाळलीत तर वरच्या सगळ्या वाया. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, नोंदणी क्रमांक मिळवले होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. आत राहणाऱ्या कित्येक कुटुंबांनी कर्ज काढून घर घेतलेलं होतं. तेव्हा महारेरा क्रमांक आहे म्हणजे सुटलो, असं समजू नका. बांधकाम परवानगीची प्रत घ्या, ती पालिकेच्या नगररचना विभागात नेऊन दाखवा, आणि विचारा की ही तुम्हीच दिली का. राहायला जायच्या आधी भोगवटा प्रमाणपत्र हवंच. बँकेने कर्ज मंजूर केलं हा पुरावा नव्हे.

सातवी पायरी: अकरा महिने

एवढं सगळं करूनही दोन गावं बरोबरीत राहिली, तर ज्या गावाबद्दल मनात धाकधूक जास्त आहे तिथे अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. करार जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल असं बघा. पावसाळा आधी येतो, आणि मार्च-एप्रिलची पाणीटंचाई करार संपायच्या आत येऊन जाते.