कॅन्सर डोळ्यात उतरलाय का, ते कसं पाहायचं

स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून डोळ्यात पोचल्या की बहुतेक वेळा डोळ्याच्या पडद्यामागच्या (पडदा म्हणजे रेटिना) रक्तवाहिन्यांच्या थरात, कोरॉइडमध्ये, रुजतात. सहसा दुखत नाही. ठिबकची सरळ नळी नागमोडी दिसते, कडेला सावली येते. ‘डोयाले वाकडं दिसस’ म्हटलं की आपल्याकडे मोतीबिंदू समजून शिबिराची वाट बघतात. पण मोतीबिंदूनं धूसर दिसतं, सरळ रेघ वाकत नाही.

घरी पाहायचं तर चौकटीच्या वहीच्या पानावर मधोमध ठळक टिंब काढा. जवळचा चष्मा लावून, पान ३०-३५ सेंटीमीटरवर धरून, एकेक डोळा झाकून टिंबाकडे बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा दुसऱ्याचं उणं झाकतो आणि चाचणी फुकट जाते. रेघा वाकल्या किंवा चौकटी गायब झाल्या तर त्याच आठवड्यात रेटिनाचा डॉक्टर गाठा. तिथे तपासणीसाठी बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं. मोटरसायकल चालवायला कुणी सोबत हवं.

स्तनाचं ऑपरेशन दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी डॉक्टरला सांगाच. डोळ्याचा आणि त्याचा काय संबंध, म्हणून बायका बोलत नाहीत. उलटही घडतं: साधारण तिघांतल्या एकाचा मूळ कॅन्सर डोळ्यातली गाठ दिसेपर्यंत कुणालाच माहीत नसतो, आणि तो बऱ्याचदा फुप्फुसात निघतो.

डॉक्टरला फिकट पिवळी, पसरट गाठ आणि भोवती पडद्याखाली पाणी दिसतं. सोनोग्राफीत गाठीतून मध्यम ते जास्त प्रतिध्वनी येतो, मेलानोमात, म्हणजे डोळ्यातच सुरू होणाऱ्या रंगपेशींच्या कॅन्सरमध्ये, तो कमी असतो. ओसीटीत, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, गाठीचा पृष्ठभाग उंचसखल दिसतो. दुसरा डोळाही तपासायचाच.

खरी फसगत क्षयाच्या गाठीशी होते, तीही पिवळीच. मांटू, म्हणजे क्षयासाठी हातावर सुई टोचून करायची चाचणी, आपल्याकडे क्षय नसलेल्या कित्येकांची पॉझिटिव्ह येते, त्यामुळे तेवढ्यावर क्षयाची औषधं आणि स्टेरॉइड सुरू करणं घातक. स्टेरॉइडनं पाणी थोडं ओसरू शकतं, पेशंटला बरं वाटतं आणि महिने निघून जातात.

पुढे कॅन्सर आणखी कुठे आहे ते बघायला छाती-पोटाचा सीटी किंवा पेट-सीटी (अख्ख्या शरीराचा स्कॅन) आणि मेंदूचा एमआरआय. स्कॅनसाठी शिरेतून डाय देण्याआधी किडनी तपासायला रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. मूळ कॅन्सर माहीत असेल तर बायोप्सीसाठी डोळ्यात सुई घालायची गरज क्वचितच. रक्तस्राव होऊ शकतो, पडदा सुटू शकतो. त्यापेक्षा जुना बायोप्सी रिपोर्ट आणि लॅबने जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक (त्यात गाठीचा तुकडा असतो) आणा. ईआर, पीआर, हर-२ किंवा ईजीएफआर या कॅन्सरच्या पेशींमधल्या खुणांवर औषध ठरतं, आणि तेच औषध कधी कधी डोळ्यातली गाठही आटवतं.

गाठ लहान आणि नजर शाबूत असेल तर औषध देऊन लक्ष ठेवतात. नजरेच्या मध्याला धोका असेल तर रेडिएशन: एकूण ३० ते ४० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). ४० ग्रे म्हणजे रोज २ ग्रेप्रमाणे २० वेळा, आठवड्याला पाच दिवस, चार आठवडे. तळोद्याहून रोज ये-जा जमणार नाही, म्हणून राहायची सोय आधी बघा किंवा १० वेळांत ३० ग्रे चालेल का, विचारा. पुढे मोतीबिंदू किंवा कोरडा डोळा होऊ शकतो. डोळा काढायची पाळी सहसा येत नाही. नजर पूर्ण गेली आणि वेदना थांबत नसल्या तरच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) पहिल्याच दिवशी विचारा.

पडद्याखालचं पाणी ओसरायला आठवडे लागतात. पुढची ओसीटी शक्यतो त्याच मशीनवर काढा, नाहीतर जाडीचे आकडे जुळत नाहीत.