सापडलेलं पान हातचं जाऊ नये म्हणून

बडोद्यात सकाळच्या कॉफीबरोबर मोबाइल चाळताना सयाजीराव महाराजांच्या काळातला एखादा फोटो किंवा लेख सापडला, तर नुसता बुकमार्क करून पुढे जाऊ नका. बुकमार्कमध्ये फक्त पत्ता राहतो. साइटवाल्याने पान काढलं की मजकूरही गेला.

क्रोममध्ये आधी पान सावकाश तळापर्यंत सरकवा. बऱ्याच साइटवर खालचे फोटो तिथे पोहोचल्यावरच उतरतात. ही पायरी गाळली तर पीडीएफमध्ये त्यांच्या जागी कोरे चौकोन येऊ शकतात. मग तीन ठिपके, 'शेअर', 'प्रिंट' आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ'. फाइलच्या नावात वर्ष आधी, मग महिना, दिवस, विषय: '२०२५-०३-१४-न्यायमंदिर'. अशाने यादी आपोआप तारखेवार लागते. मूळ पत्ताही नोंदवा, कारण स्रोताशिवाय जुना फोटो फारसा उपयोगाचा नाही.

महत्त्वाचं पान असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारी साइट) 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये पत्ता चिकटवा. तारखेची वेगळी लिंक मिळते, ती नातेवाइकांनाही पाठवता येते. लॉगिन केल्यावरच दिसणारी पानं मात्र तिथे साठत नाहीत. त्यांना पीडीएफच बरं.

आणि शोधताना बडोदा, बडोदे, वडोदरा अशी तिन्ही रूपं टाकून पाहा.