पीअरिंगला निघण्याआधी फ्लो बघा: लहान आयएसपींसाठी (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी)

सांगली-कोल्हापूरकडचा ग्राहक रात्री व्हिडिओ लावतो, तेव्हा तो डेटा बहुतेक वेळा मुंबईतल्याच एखाद्या डेटा सेंटरमधून निघालेला असतो. तरीही त्यातल्या प्रत्येक एमबीपीएसचे पैसे तुम्ही अपस्ट्रीमला, म्हणजे तुम्हाला इंटरनेट विकणाऱ्या मोठ्या कंपनीला, मोजता. पीअरिंगमध्ये मधला दुकानदार वगळून त्या नेटवर्कशी थेट जोडणी होते. तुम्ही तुमचे आणि तुमच्या ग्राहकांचे रूट (कोणत्या आयपी पत्त्यांपर्यंत तुमच्याकडून पोचता येतं, ती माहिती) द्यायचे, त्यांनी त्यांचे. उरलेल्या जगापर्यंत पोचवायची जबाबदारी कोणीच कोणाची घेत नाही. म्हणून ट्रान्झिट (अपस्ट्रीमकडून विकत घेतलेली साऱ्या जगाची जोडणी) कमी होतं, संपत नाही.

आधी मोजणी

राऊटरवर नेटफ्लो, आयपीफिक्स किंवा एसफ्लो (ट्रॅफिक कुठून कुठे जातो, म्हणजे फ्लो, याची नोंद ठेवणाऱ्या सोयी) सुरू करा. हजारात एक पॅकेट असं सॅम्पलिंग पुरतं. किमान दोन आठवडे मोजा आणि क्रिकेटच्या मोठ्या सामन्याची रात्र वेगळी काढून बघा, नाहीतर एकाच स्ट्रीमिंग कंपनीचा आकडा फुगतो. येणारा ट्रॅफिक कोणत्या एएसकडून (स्वतःचा नंबर असलेल्या स्वतंत्र नेटवर्ककडून) येतो त्याची उतरती यादी करा. ब्रॉडबँडवाल्याच्या यादीत वरची आठ-दहा नावंच बहुतेक भार उचलताना दिसतील.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. तुमच्याकडे अपस्ट्रीमकडून फक्त डिफॉल्ट रूट (सगळं इकडेच पाठवा, एवढंच सांगणारा) येत असेल, तर राऊटरला एएस कळत नाही आणि फ्लोमध्ये तो रकाना शून्य येतो. पीएमएसीसीटीसारख्या कलेक्टरला (फ्लोच्या नोंदी गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरला) पूर्ण बीजीपी टेबलचं फीड दिलं की हे सुटतं; बीजीपी म्हणजे नेटवर्क एकमेकांना रूट सांगतात ती पद्धत. दुसरी गफलत कॅशेची, म्हणजे लोकप्रिय व्हिडिओ जवळच साठवून ठेवणाऱ्या सर्व्हरची. अपस्ट्रीमने गूगल किंवा नेटफ्लिक्सची कॅशे आपल्या रॅकमध्ये ठेवली असेल, तर तो ट्रॅफिक बऱ्याचदा अपस्ट्रीमच्याच आयपीवरून येतो आणि यादीत त्याच्याच नावावर चढतो. शिवाय कॅशेचा दर बहुधा इंटरनेटच्या दरापेक्षा कमी लावलेला असतो. तुलना करताना बिलातला महागडा दर न धरता दोन्हींची सरासरी धरा.

हिशेब सोपा आहे. एक्स्चेंजचा (अनेक नेटवर्क जिथे एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणाचा) पोर्ट, क्रॉस कनेक्ट (डेटा सेंटरमधली तुमच्यापासून एक्स्चेंजपर्यंतची केबल) आणि तुमच्या गावापासून डेटा सेंटरपर्यंतची लाइन, तिन्हींचा महिन्याचा खर्च मिळवा आणि ट्रान्झिटच्या प्रति एमबीपीएस दराने भागा. समजा एकूण खर्च १,००,००० रुपये आणि दर ४० रुपये आहे (आकडे फक्त उदाहरणादाखल), तर २,५०० एमबीपीएस ट्रॅफिक पीअरिंगवर वळला की बरोबरी होते. बिल ९५ पर्सेंटाइलवर असेल तर पाच-पाच मिनिटांच्या नोंदींतल्या सगळ्यात वरच्या ५ टक्के, म्हणजे महिन्याचे साधारण ३६ तास, मोजले जात नाहीत. त्यामुळे एखाद्या रात्रीचं शिखर बघून बचत मांडू नका.

कागदपत्रं

स्वतःचा एएस नंबर हवा आणि आयपीव्ही४चा किमान /२४ (२५६ पत्त्यांचा सलग गट) हवा. त्याहून लहान तुकडा सहसा कोणी स्वीकारत नाही. आयपीव्ही६साठी ही मर्यादा /४८. भारतात हे आयआरआयएनएन या आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून मिळतं. त्यानंतर आरओए (हे पत्ते कोणता एएस जाहीर करू शकतो, याची डिजिटल सहीची नोंद) बनवा. नेमकं इथेच सगळ्यात जास्त जण अडकतात: /२२ साठी आरओए केला, कमाल लांबी (किती लहान तुकड्यापर्यंत परवानगी) २२ च ठेवली आणि प्रत्यक्षात चार /२४ जाहीर केले. ते चारही इनव्हॅलिड ठरतात आणि तपासणी करणारी नेटवर्क ते टाकून देतात. जे जाहीर करणार तेवढ्याचाच आरओए करा. आयपी अपस्ट्रीमकडून घेतलेले असतील तर आरओए तुमच्या एएससाठी आहे का, ते आधी विचारा.

राऊट ऑब्जेक्ट (कोणते पत्ते कोणता एएस जाहीर करतो, याची सार्वजनिक नोंद) आणि एएस-सेट (तुमचा आणि तुमच्या मागच्यांचे एएस यांची यादी) नोंदवा. तुमच्या मागे स्वतःचा एएस असलेला छोटा ग्राहक असेल तर तोही एएस-सेटमध्ये घाला, नाहीतर त्याचे रूट समोरच्या फिल्टरमध्ये अडतात. मग पीअरिंगडीबी या नेटवर्कच्या सार्वजनिक यादीवर नोंद पूर्ण भरा: धोरण, एएस-सेट, एक्स्चेंज, डेटा सेंटर आणि प्रिफिक्सची (जाहीर केलेल्या पत्त्यांच्या गटांची) कमाल संख्या. आठ जाहीर करत असाल तर पंधरा-वीस लिहा. संपर्काला एनओसीचा (नेटवर्क सांभाळणाऱ्या कक्षाचा) सामाईक ईमेल द्या. एकाच इंजिनिअरचा दिलात, तर त्याने नोकरी सोडली की तुमच्याशी बोलायचा रस्ताच बंद. मोठी कंटेंट नेटवर्क ही नोंद बघूनच पुढचं ठरवतात.

भेटीगाठी

सॅनॉग, इननॉग, ॲप्रिकॉट अशा नेटवर्क चालवणाऱ्यांच्या संमेलनांत पीअरिंग करणारी माणसं एका छताखाली सापडतात. ‘पीअरिंग पर्सनल्स’ नावाच्या सत्रात प्रत्येकाला एक स्लाइड आणि दोन मिनिटं मिळतात. त्यात कंपनीचा इतिहास सांगू नका. एएस नंबर, कोणत्या इमारतीत आणि एक्स्चेंजवर आहात, शिखराचा ट्रॅफिक, धोरण आणि ईमेल, एवढंच. यादीतल्या वरच्या नावांना आठवडाभर आधी लिहून पंधरा मिनिटांची वेळ मागा. भेटायचं ते पीअरिंग कोऑर्डिनेटरला. विक्रीवाला तुम्हाला पोर्टच विकेल.

जिल्ह्यातल्या आयएसपींची अशी भेट तुम्हीच भरवणार असाल, तर गळ्यातल्या बिल्ल्यावर नावापेक्षा एएस नंबर मोठा छापा आणि भिंतीवर ‘कोण कोणत्या डेटा सेंटरमध्ये’ असा तक्ता लावा. मात्र एकाच गावातल्या दोन ब्रॉडबँडवाल्यांमध्ये आपसातला ट्रॅफिक फारच थोडा असतो. त्यासाठी फायबर टाकण्यापेक्षा दोघांनी मिळून मुंबईची लाइन घेतली तर पैसे लवकर सुटतात.

पोर्ट ते सेशन

मुंबईत निक्सी, डीई-सीआयएक्स मुंबई आणि एक्स्ट्रीम आयएक्स ही एक्स्चेंज आहेत. तुमच्या यादीतली नावं जिथे जास्त, तिथे जा. पोर्टची किंमत नंतर बघा. एक्स्चेंजकडून एलओए (जोडणीची परवानगी देणारं पत्र) मिळाल्यावर क्रॉस कनेक्ट मागवा. १० जी एलआर ऑप्टिक (पोर्टमध्ये बसणारं, फायबरवर उजेड पाठवणारं उपकरण) सिंगल मोड फायबरवर १० किलोमीटरपर्यंत चालतं आणि उणे १४.४ डीबीएमच्या खाली उजेड गेला की भरवसा नाही. लिंक उठतच नसेल तर आधी टीएक्स-आरएक्सच्या (पाठवायच्या आणि घ्यायच्या) कोअर उलटून बघा.

एक्स्चेंज तुम्हाला सहसा आधी क्वारंटाइन व्हीलॅनमध्ये (बाकीच्यांपासून वेगळ्या जाळ्यात) ठेवून तपासतं. पोर्टवरून एकच मॅक ॲड्रेस (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) दिसला पाहिजे. एसटीपी, एलएलडीपी, सीडीपी, मायक्रोटिकचं नेबर डिस्कव्हरी, प्रॉक्सी एआरपी आणि आयपीव्ही६चं राऊटर ॲडव्हर्टाइजमेंट, अशा स्थानिक जाळ्यापुरत्या सोयी बंद करा. लाइन तिसऱ्याच कंपनीच्या स्विचवरून येत असेल तर त्या स्विचची पॅकेट गळून तुमचा पोर्ट बंद पडतो आणि दोष तुमच्या माथी येतो.

आधी राऊट सर्व्हरशी (सगळ्यांचे रूट एकत्र वाटणाऱ्या एक्स्चेंजच्या सर्व्हरशी) सेशन, म्हणजे रूट देवाणघेवाणीची बीजीपी जोडणी, करा, एका झटक्यात बरेच जण मिळतात. राऊट सर्व्हर पाथमध्ये (रूट ज्या एएसमधून आला त्यांच्या यादीत) स्वतःचा एएस घालत नाही, म्हणून ‘पहिला एएस शेजाऱ्याचाच हवा’ ही तपासणी त्या सेशनवर बंद करावी लागते. येताना डिफॉल्ट रूट, स्वतःचे प्रिफिक्स, बोगन (इंटरनेटवर दिसायलाच नकोत असे पत्ते), /२४ पेक्षा लहान तुकडे आणि इनव्हॅलिड अडवा, मॅक्स-प्रिफिक्स (येणाऱ्या रूटच्या संख्येची मर्यादा) लावा. लोकल प्रेफरन्स (कोणत्या रूटला आधी पसंती द्यायची तो आकडा) ट्रान्झिटपेक्षा वर आणि ग्राहकांपेक्षा खाली ठेवा. बाहेर जाताना ज्यांवर तुमची स्वतःची कम्युनिटी (रूटवर लावलेली खूण) आहे तेच रूट सोडा. फिल्टर विसरून ट्रान्झिटचे रूट पीअरला गेले, तर दोन मोठ्या नेटवर्कमधला ट्रॅफिक तुमच्या छोट्या पोर्टवर कोसळतो.

सेशन वर आहे, ट्रॅफिक येत नाही

बहुधा तुम्ही एक्स्चेंजवर /२२ आणि ट्रान्झिटवर /२४ जाहीर करताय. जास्त नेमका रूट नेहमी जिंकतो, लोकल प्रेफरन्स कितीही असो. दोन्हीकडे सारखेच प्रिफिक्स द्या. तरीही हलत नसेल, तर ते कंटेंट नेटवर्क राऊट सर्व्हरवर नसेल. त्याला वेगळं द्विपक्षीय सेशन मागा. ईमेल चार ओळींचा असू द्या: एएस नंबर, एक्स्चेंज, दोन्ही आयपी पत्ते, एएस-सेट. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा.

पोर्ट रात्री ७० टक्क्यांवर गेला की मोठा मागवा, कारण क्रॉस कनेक्टलाच कित्येक दिवस जातात. आणि ट्रान्झिट इतकं कापू नका की एक्स्चेंजचा पोर्ट पडल्यावर सगळा भार त्यावर मावणार नाही. हे तपासायला पहाटे चारला, ६५५३५:० ही ग्रेसफुल शटडाउनची (हा रस्ता बंद होणार आहे असं समोरच्याला सांगणारी) कम्युनिटी लावून, काही मिनिटांनी सेशन बंद करा. मग तासभर ट्रान्झिटचा आलेख बघा. पहाटेचा ट्रॅफिक शिखराच्या कितवा हिस्सा आहे हे तुमच्या फ्लोमध्ये आहेच. त्या पटीने गुणलं की रात्री नऊला काय होईल ते कळतं.