कुटुंबोपचाराच्या प्रवर्तकाचं चरित्र लिहायचंय? मग आधी त्या कुटुंबांचं ऐका

मानसोपचार करणाऱ्या माणसाचं चरित्र लिहायला घेताना एक गोष्ट पक्की ठरवून टाका: ज्या कुटुंबांवर उपचार झाले, त्यांनाही यात जागा द्यायची. डॉक्टरांची पुस्तकं असतात, शिष्य असतात. समोर बसलेल्या आईबापांचं म्हणणं डॉक्टरांनी छापलं तेवढंच आपल्यापर्यंत येतं. फॅमिली थेरपीच्या, म्हणजे रुग्णासोबत सगळ्या घराला समोर बसवून केलेल्या कुटुंबोपचाराच्या बाबतीत ही उणीव फारच बोचते.

उदाहरण म्हणून या उपचाराच्या प्रवर्तकांपैकी एक, डॉक्टर साल्वादोर मिनुचिन घेऊ. घरात कोणाचं चालतं, कोण कोणाची बाजू घेतं, बाप कुठे बाजूला पडतो, यावर त्यांनी आपली पद्धत उभी केली.

सुरुवात सनावळीपासून करा. वहीच्या डाव्या पानावर घटना, उजव्या पानावर ती कुठे सापडली. जन्म १३ ऑक्टोबर १९२१, सान साल्वादोर. इथेच थांबून नकाशा बघा, कारण हे अर्जेंटिनातलं गाव आहे. एल साल्वादोरच्या राजधानीचं नावही तेच. पुढे १९४८ मध्ये इस्रायलच्या सैन्यात डॉक्टर, १९६५ पासून फिलाडेल्फिया चाइल्ड गायडन्स क्लिनिकचे संचालक, मृत्यू ३० ऑक्टोबर २०१७.

मग साधनांची वर्गवारी. नाशिककरांना हे समजायला जड नाही. रामकुंडावर तीर्थोपाध्याय वही उघडतात तेव्हा पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ आणि मागाहून कुणी सांगितलेली नावं यांचं वजन आपण सारखं धरत नाही. इथेही त्या काळातला लेख, त्यांनीच पुढे सांगितलेली आठवण आणि शिष्यानं लिहिलेला गौरव, असे तीन ढीग वेगळे ठेवा. १९६२ पासून निघणाऱ्या ‘फॅमिली प्रोसेस’ या नियतकालिकाचे जुने अंक पहिल्या ढिगात येतात. चरित्राची बांधणी शिकायला मात्र सार्वजनिक वाचनालयात जाऊन मराठी चरित्रंच वाचा. १८४० पासूनची ही संस्था आपल्या गावात आहे, तिचा उपयोग करून घ्या.

‘जनक’ ही पदवी देऊ नका. १९५० च्या दशकात नेथन अ‍ॅकरमन, मरे बोवेन, व्हर्जिनिया सटीर अशी कितीतरी माणसं याच वाटेवर होती. आणि त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन सोबत राहायला बोलावत होते. मराठीत लिहिताना हे सांगितलंच पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ आकड्यांना द्या. अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढेल या भीतीनं खाणं टाळत जाण्याच्या आजाराच्या ५३ रुग्णांपैकी ८६ टक्के बरे झाले, असं मिनुचिन आणि सहकाऱ्यांनी १९७८ च्या पुस्तकात मांडलं. हा आकडा नुसता लिहून पुढे गेलात तर वाचकाची फसवणूक होते. मोजणारे उपचार करणारेच होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे त्याच वाक्यात यायला हवं. पण एवढ्यावर त्यांना निकालात काढणंही अन्याय. १९८७ मध्ये लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटून चाचणी केली. ज्यांचा आजार १९ व्या वर्षाच्या आत सुरू झाला होता आणि ३ वर्षांहून जुना नव्हता, त्यांना एकट्याच्या उपचारापेक्षा कुटुंबासह केलेल्या उपचाराचा जास्त फायदा झाला. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा.

टीकेसाठी शेवटी वेगळं प्रकरण काढू नका. ज्या वर्षी ती झाली तिथेच ती द्या. मुलाच्या आजाराचं खापर आईवर फोडण्याची सवय या क्षेत्रात जुनी आहे. रेचल हेअर-मस्टिन यांनी १९७८ मध्ये स्त्रीवादी बाजूनं या उपचारांची झडती घेतली. ‘आईनंच लाडावून ठेवलं’ हे वाक्य आपल्याकडेही घराघरांत ऐकू येतं, त्यामुळे मराठी वाचकाला या टीकेचा अर्थ लगेच पोचेल.

मिनुचिन यांच्या १९७४ च्या पुस्तकात प्रत्यक्ष बैठकींचे संवाद छापलेत. ते दोनदा वाचा. दुसऱ्यांदा डॉक्टरांची वाक्यं आणि टिप्पणी हातानं झाकून फक्त कुटुंबाची वाक्यं वाचत जा. मुलगी कुठे गप्प झाली, आईचं उत्तर कोणी मधेच तोडलं, हे तेव्हा दिसतं. ते चरित्रात लिहा.

मुलाखती घेणार असाल तर शिष्यांबरोबर त्यांचे विरोधकही गाठा. उपचार घेतलेलं कुणी भेटलंच, तर आधी लेखी संमती घ्या आणि नाव, गाव, ओळख पटेल असा तपशील गाळा. छापण्याआधी त्यांचा भाग त्यांना वाचायला द्या. नको म्हणाले तर तो काढून टाका.