पेटी सुकली नसेल तर आंबा भरू नका

बागायतदार मित्रांनो,

आपला गोव्याचा मानकुराद आंबा अजून झाडावर आहे आणि दुपारनंतर सह्याद्रीवर ढग जमू लागले आहेत. सत्तरी, सांगे, केपे, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी वळीव आधी उतरतो. पेडणे-बार्देशवाल्यांना चार दिवस जास्त मिळाले तर मिळाले. म्हणून यावेळी खत, फवारणी, छाटणी यांवर लांबण लावत नाही. बोलायचे आहे ते लाकडी पेटीबद्दल.

झाडावर नितळ दिसलेला आंबा मुंबईत पेटी उघडल्यावर देठाकडून काळा निघतो, हे मे महिन्यात दरवर्षी घडते. मग कोणी मोहोरावरच्या औषधाला बोल लावतो, कोणी ट्रकवाल्याला. ज्या खोक्यात आंबा दोन दिवस कोंडला होता, ते हातात घेऊन कोणी बघत नाही. ते बघितले असते तर निम्म्या तक्रारींचे उत्तर तिथेच सापडले असते, असे माझे मत आहे.

करपा आणि देठकुज या रोगांची बुरशी बागेतूनच फळाबरोबर येते. सालीखाली, देठापाशी ती गप्प बसून असते. तिला जागे करायला ओलावा आणि ऊब लागते, आणि ओल्या फळीची पेटी दोन्ही पुरवते. घाईच्या दिवसांत लाकडाच्या गिरणीतून काल कापलेल्या फळ्या आज ठोकून उद्या भरल्या जातात. सावर, आंबा असल्या मऊ लाकडात पाणी किती असते याचा हिशोब करून बघा. पेटीतल्या पूर्ण सुक्या लाकडाचे वजन २ किलो धरले आणि ओलावा त्या वजनाच्या ६० टक्के असला, तर त्यात १.२ लिटर पाणी आहे. तेच लाकूड २० टक्क्यांवर आणले तर राहते ४०० मिली. मधले ८०० मिली पाणी तुम्ही सुकवले नाही, तर वाटेत ते आंब्याच्या अंगावर येणार. ताडपत्रीखाली ते जाणार तरी कुठे?

लाकडावर बुरशी धरू नये यासाठी ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, हा सर्वमान्य आकडा आहे. गोव्याच्या मे महिन्यातल्या हवेत उभ्या रचलेल्या फळ्या त्याच्या बऱ्याच खाली जातात. जुलैत मात्र हवाच इतकी दमट असते की उघड्या पडवीत ठेवलेली फळी तिथवर पोचणे कठीण. म्हणजे सुकवायचे ते आत्ताच. पाऊस लागल्यावर पेटी सुकवायला काढणे फुकट आहे.

सुकली की नाही, हे कसे ओळखायचे? ओलावा मोजायचे यंत्र विकायला दुकानदार टपलेलेच असतात. त्याची गरज नाही. एका पेटीवर खूण करा आणि रोज सकाळी त्याच काट्यावर तिचे वजन घ्या. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आले की पेटी तयार. घाई असेल तर माझा एक ठोकताळा आहे, त्याला कुठल्या संशोधनाचा आधार नाही: रात्री पेटीत वर्तमानपत्राचा कागद पसरून वर झाकण ठेवा. सकाळी कागद कुरकुरीत हवा. लुळा पडला असेल तर ती पेटी पुन्हा उन्हात. दुसरी खूण खिळ्यांची. ओल्या लाकडात ठोकलेल्या खिळ्याभोवती थोड्याच दिवसांत काळसर-निळे वर्तुळ उमटते. असे वर्तुळ दिसले की पेटी ओली असताना ठोकली होती किंवा नंतर भिजली होती, हे मेस्ताने (सुताराने) कितीही शपथा घेतल्या तरी पक्के समजा. फळीवर निळसर-राखी पट्टे असतील तर लाकडात बुरशी आधीच फिरून गेली आहे. त्या फळ्या चुलीत घाला.

गेल्या वर्षीच्या पेट्या परत वापरायला माझी हरकत नाही. उलट त्यांचे लाकूड मुरलेले असते. पण त्या गोठ्यामागे जमिनीवर पालथ्या पडून पावसाळा काढतात आणि एप्रिलमध्ये झटकून थेट भरल्या जातात, तिथे घात होतो. तळाच्या रिपेत गेल्या वर्षीच्या सडक्या आंब्याचा रस सुकून बसलेला असतो. तो आधी ब्रशने घासून काढा. मग १० लिटर पाण्यात १० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर ढवळा, निवळी घ्या आणि पेटी आतून-बाहेरून धुवा. डबा उघडा राहून वास उडालेली पावडर काही कामाची नाही. हातात मोजे घाला, आणि ही निवळी दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळू नका. नंतर साध्या पाण्याने एक हात द्या आणि कडक उन्हात दोन्ही अंगांनी सुकवा. धुतलेली पेटी त्याच संध्याकाळी भरली तर धुण्याने नुकसानच केले. मोडके, वर आलेले खिळे याच वेळी ठोकून घ्या. एक खिळा तीन फळे खातो.

दुकानातून ‘पेटीचे बुरशीनाशक’, ‘ताजेपणाच्या पुड्या’, चकचकीत अस्तराचे प्लास्टिक असा माल खपवला जातो. सुक्या पेटीला यातले काहीच लागत नाही, आणि ओल्या पेटीत प्लास्टिकचे अस्तर घातले तर फळाचा श्वासही आत कोंडतो. बुरशीनाशकाची गोष्ट तर आणखी गंभीर. जे औषध ज्या पिकावर आणि ज्या कामासाठी लेबलवर लिहिलेले नाही, ते खाण्याच्या वस्तूच्या खोक्याला फासायचे नाही. दुकानदार म्हणतो ‘सगळे वापरतात’. बिलावर तसे लिहून द्यायला सांगा, मग बघा.

स्वस्त लाकडाचा मोह सांभाळा. मुरगाव बंदरावरून किंवा औद्योगिक वसाहतींतून सुटलेली जुनी पॅलेट भंगारात मिळतात आणि त्यांच्या पेट्या ठोकल्या जातात. त्या लाकडावर आधी काय सांडले होते, कोणाला ठाऊक? तेलाचा किंवा औषधाचा वास, रंगाचे थर, हिरवट झाक यातले काहीही दिसले तर ते लाकूड फळाला लावू नका. पॅलेटवर गव्हाच्या कणसाचा शिक्का असतो, त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवून कीडमुक्त केलेले, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेले. दुसऱ्याला तर हातच लावू नका. आणि ‘एचटी’ आहे म्हणून पेटी सुकी आहे असे मुळीच नाही. तो शिक्का किडीपुरता आहे, ओलाव्याबद्दल तो काही सांगत नाही.

नेहमीची कामे, थोडक्यात:

– फळ चौदा आणे (सोळा आण्यांपैकी, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झाल्यावरच काढणी. सकाळी दव सुकल्यावर, उन्हे चढण्याआधी.
– नूतन झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या अवजाराने), देठासकट. पाडेल्याला (झाडावर चढून फळे काढणाऱ्याला) फळ खाली टाकू देऊ नये.
– फळ जमिनीवर ठेवू नये. चीक सालीवर ओघळू देऊ नये.
– पाऊस पडल्यावर लगेच काढणी नको. फळ आणि देठ पूर्ण सुकू द्यावेत.
– फळमाशीसाठी रक्षक सापळे हेक्टरी ४. पडलेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत.
– करपा, देठकुजीसाठी ५२ अंश सेल्सिअस पाण्यात १० मिनिटे. तापमापकाशिवाय करू नये, साल भाजते. नंतर सावलीत पंख्याखाली सुकवावे.
– पिकवायला कार्बाइड नाही. त्यावर कायद्याने बंदी आहे. इथिलिन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) चालतो.

गरम पाण्याच्या प्रक्रियेवर मेहनत घेणारेसुद्धा पुढच्या पायरीला चुकतात. फळ देठाच्या खळग्यात ओले असतानाच पेटीत जाते. तिथे बोट लावून बघा.

पेंढ्याचेही तेच. पेटी खडखडीत सुकी आणि पेंढा खळ्याच्या कोपऱ्यातला दमट, कुबट, असे केले तर सगळी मेहनत वाया. पेंढा मुठीत आवळला की मोडला पाहिजे. काळी भुकटी उडत असेल तर तो गुरांनाही घालू नका. पेंढा नसेल तर सुका, कोरा कागद चालतो.

भरताना देठ खाली किंवा आडवा. दोन थरांवर तिसरा चढवायचा मोह होतो, कारण भाडे पेटीमागे द्यावे लागते. मुंबईपर्यंतच्या प्रवासाला तो टाळा. झाकण फळाला टेकून दाबत असेल तर एक फळ कमी करा. फळ्यांमध्ये बोट शिरेल एवढी फट हवी, नाहीतर पेटीची भट्टी होते. गाडीत पेट्या थेट तळावर ठेवू नका, खाली दोन रिपा टाका. भार पेटीच्या कोपऱ्यांवर पडला पाहिजे, झाकणाच्या मधोमध नको. ओळींमध्ये वारा खेळायला जागा ठेवा आणि ताडपत्री पेट्यांना चिकटवून बांधू देऊ नका. लक्झरी बसच्या टपावरून किंवा डिकीतून नातेवाइकांना पेटी पाठवणारे पुष्कळ आहेत. डिकीत इंजिनाची धग लागते आणि टपावर वळीव. दोन्हींत डिकी बरी, पण इंजिनापासून लांबच्या कोपऱ्यात.

परदेशी पाठवणाऱ्यांनी वर सांगितलेला ‘एचटी’चा शिक्का पेटीवर आहे ना, हे पेटी घेतानाच बघावे. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला आणि प्लायवूडला त्यातून सूट आहे. शिक्का मान्यताप्राप्त केंद्रच मारू शकते, मेस्ताच्या रबरी शिक्क्याने माल बंदरावर अडकतो. युरोपने २०१४ साली फळमाशीमुळे भारतीय आंबा थांबवला होता, तेव्हा तिकडच्या अधिकाऱ्यांना हलके घेऊ नका. २०२३ साली मानकुरादला भौगोलिक मानांकन मिळाले. आता पेटीवर ते नाव छापून आत सडका माल गेला तर शेजारच्या भाटातल्या (बागेतल्या) माणसाचाही भाव पडतो.

वाटेत पाऊस लागून पेटी भिजलीच, तर पोचल्या पोचल्या झाकण काढायला सांगा. फोनवर बजावून सांगा, ‘उद्या बघू’ चालणार नाही. फळे बाहेर काढून सुक्या कापडाने देठाकडून पुसायची, ओला पेंढा फेकायचा, फळे पंख्याखाली एका थरात मांडायची. देठापाशी करड्या रंगाचा, दाबल्यावर मऊ लागणारा ठिपका आलेले फळ त्याच दिवशी वेगळे करायचे. ते साटाला (आंबापोळीला) चालेल, आढीत मात्र नको. आणि ती भिजलेली पेटी रिकामी परत आली, तर पुन्हा वजनकाट्यावर घातल्याशिवाय भरायला घ्यायची नाही.