बांधकाम परवानगी ऑनलाइन काढताय? या चुका टाळा

मी तालुक्याच्या गावी बंगल्यांची आणि छोट्या इमारतींची कामं घेतो. परवानगी ऑनलाइन झाल्यापासून फाईल काखेत मारून टेबलाटेबलावर फिरणं संपलं, हे फार चांगलं झालं. पण नवे ठेकेदार अजून त्याच त्याच चुका करतात आणि मालकाचे दोन-दोन महिने त्यात जातात. सगळ्यांना अर्ज आधी टाकायचा असतो, जागा नंतर बघायची असते.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते क्षेत्रफळावर. मुंबई आणि काही अपवाद सोडले, तर राज्यात डिसेंबर २०२० पासून यूडीसीपीआर ही एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्या क्षेत्र-तक्त्याची पहिलीच ओळ बघा. मालकी कागदाप्रमाणे क्षेत्र, मोजणीप्रमाणे क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागेवरचं क्षेत्र अशा तीन नोंदी मागितल्या आहेत, आणि तिन्हींत जे कमी असेल तेच धरायचं आहे. आपली मंडळी सातबारा उघडतात, एकच आकडा उचलतात आणि तोच तिन्हीकडे भरतात.

माझ्याच एका कामाचं सांगतो. मालकाने फोनवर सांगितलं, ‘अडीच गुंठे आहे हो.’ अडीच गुंठे म्हणजे सुमारे २५३ चौरस मीटर. सातबाऱ्यावर होतं ०.०२.५०, म्हणजे अडीच आर, २५० चौरस मीटर. गुंठा आणि आर एकच समजायची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की खरेदीखतातही ती शिरते. तो फरक आम्ही वेळेत पकडला, २५० धरून नकाशा केला आणि अर्ज टाकला. मग मोजणीची क-प्रत, म्हणजे भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा, आली. तिच्यात हद्दीची रेषा एकीकडे आणि वहिवाटीची दुसरीकडे. शेजाऱ्यांचं जुनं कंपाउंड वीस मीटर लांबीभर साठ सेंटिमीटर आत आलेलं होतं. म्हणजे जागेवर फक्त २३८ चौरस मीटर.

बारा चौरस मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१ धरला तर बांधकामातून १३.२ चौरस मीटर गेले, म्हणजे जवळपास १४२ चौरस फूट. मालकाच्या आईसाठी तळमजल्यावर काढलेली खोली तेवढीच होती. शिवाय त्या बाजूला आम्ही दीड मीटर अंतर सोडलं होतं, ते नव्वद सेंटिमीटरवर आलं. नकाशा पहिल्या रेषेपासून पुन्हा काढावा लागला. त्या काकूंना खोली आता मागच्या बाजूला जाईल, हे मला समोर बसून सांगावं लागलं.

तेव्हापासून क-प्रत हातात आल्याशिवाय मी नकाशाला हात लावू देत नाही. टेप घेऊन चारही बाजू आणि दोन्ही कर्ण स्वतः मोजतो. कर्ण मोजायला पाच मिनिटं लागतात, पण जागा काटकोनात आहे की नाही हे त्यावरूनच कळतं. मोजणीला वेळ लागतो म्हणून घाई करणाऱ्याला मी सरळ सांगतो, तेवढे दिवस थांबा, पुढचे महिने वाचतील.

अर्ज ठेकेदाराच्या नावाने जात नाही, वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याच्या लॉगिनमधून जातो. तरीही काही जण त्यांचं डिजिटल सहीचं टोकन मागून आणतात आणि आपल्या ऑफिसात बसून सह्या मारतात. हे मला अजिबात मान्य नाही. ती त्या माणसाची सही आहे. त्याला जागा दाखवा, नकाशा त्याच्यासमोर उघडा आणि सही त्यालाच करू द्या.

कॅडमध्ये, म्हणजे नकाशा काढायच्या प्रोग्रॅममध्ये, प्लॉटची रेषा बंद नसेल तर अर्ज तपासणारं सॉफ्टवेअर क्षेत्र मोजतच नाही. नकाशा मीटरमध्येच हवा.

सातबारा जुना नको. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. त्यावर चार नावं असतील तर चौघांची संमती लागते, भाऊ परदेशात असला तरी.

पैसे कापले गेले पण पावती दिसत नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. चलन क्रमांक लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा.

‘दीड हजार फुटांपर्यंत परवानगी लागत नाही’ हे अर्धवट ऐकलेलं आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटलाही नकाशा, अभियंत्याचा दाखला आणि शुल्क द्यावंच लागतं. त्याची मिळालेली पोच हीच परवानगी धरतात.

दुसरी मोठी चूक उतावळेपणाची. सॉफ्टवेअरने नकाशा पास केला की स्क्रीनवर हिरवं दिसतं, आणि आपला गडी जेसीबीला फोन करतो. नकाशा आकड्यांत बसला एवढंच त्या हिरव्याचं म्हणणं असतं. अजून कागद तपासायचे असतात, विकास शुल्क आणि एक टक्का कामगार उपकर भरायचा असतो. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, हातात पडेपर्यंत कुदळ लागता कामा नये. माझ्या ओळखीच्या एका तरुण ठेकेदाराने हिरवं बघून फुटिंगचे, म्हणजे पायाचे, खड्डे घेतले. आठवड्याने त्रुटी निघाली, कॉलम सरकले, आणि त्यातले पाच खड्डे बुजवून पुन्हा घ्यावे लागले. वर नोटीस आली ती मालकाच्या नावावर.

अर्ज टाकून साठ दिवस झाले म्हणजे परवानगी मिळाली असं धरणारेही भेटतात. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये मानीव परवानगी आहे, हे खरं. पण कार्यालयाने काही विचारलं असेल तर ते साठ दिवस तुमच्या उत्तरापासून मोजतात, आणि बांधकाम नियमात तंतोतंत बसलेलं लागतं. तुमच्या लॉगिनमध्ये त्रुटी तीन आठवडे न वाचता पडून असेल, तर दिवस कुठून मोजणार? मी रोज सकाळी साइटवर निघण्याआधी अभियंत्याला एकच प्रश्न विचारतो, ‘साहेब, काही आलंय का?’

आणि जोतं झाल्यावर थांबा. त्याची सूचना ऑनलाइन टाका, तपासणी होऊ द्या, मगच वरच्या कॉलमचं स्टील बांधा. सहा इंच सरकलेलं जोतं तेव्हा दुरुस्त होतं. स्लॅब पडल्यावर भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी तेच सहा इंच निघाले, तर मालक कुलूप-किल्ली घेऊन दारात उभा असतो आणि आपल्याकडे त्याला द्यायला कागद नसतो.