गोव्यात हँडहेल्ड गेम कन्सोल घेताना या चुका टाळा

गोव्यात हातात धरून खेळायचा कन्सोल दुकानातून क्वचितच येतो. बोटीवर नोकरी करणारा मामा सुट्टीला येताना आणतो, दुबईची आत्या कुणाच्या तरी हाती पाठवते, नाहीतर मुंबई-बंगळुरूच्या विक्रेत्याकडून कुरियरने मागवला जातो. म्हणून इथल्या घरांत होणाऱ्या चुका यूट्यूबवरच्या परीक्षणांत सापडत नाहीत. ज्या शहरांत ती परीक्षणं होतात तिथे कोपऱ्यावर दुकान असतं, वॉरंटी चालते आणि हवेत एवढा खारा दमटपणा नसतो. काणकोणात किंवा म्हापशात राहणाऱ्याने ‘कुठलं मॉडेल भारी’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. त्याआधी दोन गोष्टींचा छडा लावावा: हवा तो गेम त्यावर चालतो का, आणि यंत्र बिघडलं तर न्यायचं कुठे.

ज्या गेमसाठी घेतला, तोच चालत नाही

गोवा फुटबॉलवेडा. त्यामुळे कन्सोल घेण्यामागे बऱ्याचदा ‘ईए स्पोर्ट्‌स एफसी’ हेच कारण असतं. आणि नेमकी इथेच पहिली फसगत होते. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक २०२२ साली आला आणि त्याचं कौतुक खरंच रास्त आहे, पण त्यावर विंडोज नाही, लिनक्सवर उभी केलेली स्टीमओएस आहे. विंडोजचे गेम त्यावर प्रोटॉन नावाच्या थरातून चालतात. हजारो चालतात. मात्र ज्या ऑनलाइन गेममध्ये खेळातली लबाडी पकडणारी अँटी-चीट प्रणाली खोलवर बसवलेली असते, ते अडतात. ईएच्या अँटी-चीटमुळे एफसी मालिका तिथे अडते, व्हॅलोरंट चालत नाही, फोर्टनाइटही नाही. एसूसचा आरओजी अ‍ॅली विंडोजवर असल्याने एफसी तिथे चालतो. व्हॅलोरंट सुरू होईल, पण पीसीवर त्याला कीबोर्ड-माउसच लागतो, मग हातातल्या बटणांचा उपयोग काय?

घरातला मुलगा बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्ससाठी हट्ट धरून बसला असेल तर विषयच मिटला. ते मोबाइलचे गेम आहेत, निन्टेंडो कंपनीच्या स्विच या हँडहेल्ड कन्सोलवर नाहीत. असा कन्सोल आणून दिलात तर आठ दिवसांनी मुलगा पुन्हा फोनच मागेल.

खरेदीआधी मुलाकडून किंवा स्वतःकडून पाच गेमची नावं कागदावर लिहून घ्या. स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात बहुतेक गेमच्या पानावर डेकसाठीचा शेरा असतो: व्हेरिफाइड, प्लेएबल की अनसपोर्टेड. पाचांतले दोन जरी अनसपोर्टेड निघाले तरी विचार बदलावा, असं माझं मत.

प्लेस्टेशन पोर्टलबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. हा स्वतंत्र कन्सोल नाही. घरात पीएस५, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडायचा मोठा कन्सोल, चालू असतो, त्याचं चित्र वाय-फायवरून पोर्टलच्या पडद्यावर येतं. सोनीच्या सांगण्याप्रमाणे किमान ५ एमबीपीएस वेग लागतो आणि चांगल्या अनुभवासाठी १५. भारतात प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणीची वरची पायरी डिलक्स आहे, इंटरनेटवरूनच गेम चालवणारी क्लाउडवाली प्रीमियम नाही, म्हणजे पीएस५ नसेल तर पोर्टल शोभेची वस्तू. ब्लूटूथ हेडफोनही त्याला जोडता येत नाहीत. पीएस५ असलेल्या घरात, टीव्हीवर मालिका चालू असताना खेळण्यासाठी मात्र ते छान आहे.

परदेशातून आणायला सांगताना

निन्टेंडो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. इथे जो स्विच मिळतो तो आयात केलेला, आणि त्याची वॉरंटी असलीच तर ज्या देशात विकला गेला तिथली. त्यामुळे मामाला ‘स्विच घेऊन ये’ एवढंच सांगून भागत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक स्विच २ च्या बाबतीत होते. जून २०२५ मध्ये आलेल्या या कन्सोलची जपानसाठी एक वेगळी, स्वस्त आवृत्ती आहे. तिची भाषा जपानीच राहते आणि तिला जपानचंच निन्टेंडो खातं लागतं. बोट योकोहामाला लागली आणि मामाला तिथे स्वस्तात दिसला, तर फोन करून थांबवा. बहुभाषिक आवृत्तीच हवी. जुन्या स्विचला ही अडचण नव्हती. त्याची कार्ट्रिज, म्हणजे गेम असलेली छोटी कार्डं, आजही जवळजवळ कुठल्याही देशातली घेतली तरी चालते.

आखाती देशातून आलेल्या चार्जरची पिन चौकोनी तीन दांड्यांची असते. अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची भानगड नाही, फक्त चांगला प्लग-कन्व्हर्टर हवा. वीस रुपयांचा ढिला कन्व्हर्टर ठिणग्या मारतो, तो घेऊ नका.

ई-शॉपला, म्हणजे निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानाला, भारत हा प्रदेशच नाही. खातं दुसऱ्या देशाचं काढावं लागतं, भारतीय कार्डं बऱ्याचदा नाकारली जातात आणि मग त्या देशाची गिफ्ट कार्डं घ्यावी लागतात. खात्यात शिल्लक असताना देश बदलता येत नाही, म्हणून गिफ्ट कार्ड घेण्याआधी देश नक्की करा. याउलट स्टीमवर किमती रुपयांत दिसतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात. दोन्हींची तुलना करताना लोक फक्त यंत्राची किंमत बघतात. निन्टेंडोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं फारसे उतरत नाहीत, स्टीमवर उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये जुने गेम निम्म्याहून खाली येतात. स्विचच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: कार्ट्रिज खेळून झालं की विकता येतं.

दाबोळी किंवा मोपाला उतरण्याआधी कस्टम्सची चालू ड्यूटी-फ्री मर्यादा प्रवाशाने स्वतः तपासावी आणि बिल जवळ ठेवावं.

बॅटरी: जाहिरातीतला आकडा आणि भागाकार

बॅटरीचा अंदाज घ्यायला साधा भागाकार पुरतो. वॉट-अवरला वॉटने भागा. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-अवरची. जड गेम चालताना सगळं मिळून २० वॉट खर्च होत असेल तर दोन तास. पहिल्या आरओजी अ‍ॅलीचीही बॅटरी तेवढीच, पण प्रोसेसर पूर्ण जोरात ठेवला तर जेमतेम तासभर. भारतात २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आलेला हा कन्सोल अनेकांनी प्रवासासाठी घेतला आणि थिवीच्या पुढे बॅटरीचा लाल दिवा पाहिला. नंतरच्या अ‍ॅली एक्सची बॅटरी ८० वॉट-अवर, ओएलईडी पडद्याच्या नंतरच्या डेकची ५०.

उपाय यंत्रातच असतो. फ्रेम-रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ४० किंवा ३० वर बांधा, प्रोसेसरचे वॉट कमी करा, पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणा. छोट्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही, वेळ मात्र भरपूर वाढतो. पॉवर बँक घ्यायची तर पीडी (पॉवर डिलिव्हरी) सपोर्ट असलेली आणि किमान ४५ वॉट देणारी घ्या. २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे विमानातल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. ती हातातल्या बॅगेतच न्यायची, चेक-इनमध्ये नाही.

पावसाळा हाच खरा शत्रू

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. निन्टेंडोच्या माहितीपत्रकात स्विच वापरण्यासाठी ५ ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता दिलेली आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ८० टक्क्यांच्या खाली हवा येते ती दुपारी कधीतरी, तीही उघडीप असली तर. म्हणजे वर्षातले चार महिने हे यंत्र कंपनीने आखलेल्या मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे राहतं. ते लगेच बंद पडतं असं नव्हे. हळूहळू, कुरकुरत बिघडतं.

पहिला मार बसतो तो यूएसबी-सी पोर्टला. कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनारपट्टीच्या घरांत हवेतलं मीठ पिनांवर बसतं, ते ओलावा ओढून घेतं आणि त्यातून वीज पाझरून पिनांवर हिरवट थर येतो. लक्षण ओळखायला सोपं: केबल एका कोनात धरली तरच चार्जिंग होतं. असं झालं की सुईने खरवडायचा मोह आवरा, त्याने पिना वाकतात. यंत्र पूर्ण बंद करून, मऊ ब्रशवर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा, अर्धा तास सुकू द्या, मगच चार्जर लावा. अत्तराचं स्पिरिट किंवा सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात.

दुसरी चूक एसीची. एसीच्या खोलीत गार झालेला कन्सोल उचलून थेट बाल्कनीत नेला की त्याच्यावर, आणि आतही, दव धरतं. पिशवीत घालून बाहेर न्या आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. चालू करायची घाई नको.

वापरात नसेल तेव्हा कन्सोल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारी सिलिका मिळाली तर उत्तम, ती केव्हा तापवून सुकवायची ते कळतं. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तांदळाची भुकटी अंगठ्याने फिरवायच्या स्टिकमध्ये जाते.

मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात डॉक, म्हणजे कन्सोल टीव्हीला जोडणारा स्टँड, टीव्हीला जोडून ठेवू नका. प्लग काढा, एचडीएमआयही काढा. केबल टीव्हीच्या तारेतून आलेला झटका टीव्हीतून डॉकपर्यंत पोचू शकतो.

आणि महिनोन्‌महिने कपाटात पडलेला कन्सोल चालूच होत नसेल तर लगेच मेला समजू नका. बॅटरी अगदी तळाला गेलेली असते. मूळ चार्जरवर तासभर सोडा, मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि सोडून पुन्हा दाबा. निन्टेंडो स्वतः सांगते की वापर नसला तरी सहा महिन्यांतून एकदा चार्ज करा.

खेळाडू आपोआप चालू लागला तर

स्टिकला हात न लावता पात्र एका बाजूला सरकतं, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. बहुतेक स्टिकच्या आत कार्बनच्या पट्टीवर धातूचा छोटा तुकडा घासत फिरतो. पट्टी झिजते, भुकटी साचते, आणि समुद्रकिनारी खेळणाऱ्यांच्या बाबतीत बारीक वाळूही. (किनाऱ्यावर कन्सोल नेणाऱ्यांना उन्हात पडदाही दिसत नाही, तरी नेतात.)

आधी सेटिंग्जमधून स्टिक पुन्हा कॅलिब्रेट करा. स्विचवर तो पर्याय ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’मध्ये आहे. डेकवर डेडझोन, म्हणजे स्टिक हलली तरी न मोजला जाणारा मधला भाग, थोडा वाढवा. त्याने भागलं नाही तर स्टिक बदलावी लागते, आणि मॉडेलमधला फरक इथे समजतो. स्विचचा बाजूचा कंट्रोलर, म्हणजे जॉय-कॉन, सुटा निघतो, त्यामुळे फक्त तोच उघडायचा. स्विच लाइटला संपूर्ण यंत्र खोलावं लागतं. जॉय-कॉनचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात. गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे तो स्क्रूड्रायव्हर आहे का, हे आधी विचारा, नसेल तर स्क्रू सपाट होऊन परत येईल. पहिल्या डेकचे स्क्रू साधे फिलिप्स (ओएलईडी डेकचे टॉर्क्स) आणि स्टिक वेगळ्या पट्टीवर, म्हणून वॉरंटी नसूनही तो आपल्याकडे सांभाळायला बराच सोपा. चुंबकावर चालणाऱ्या हॉल-इफेक्ट स्टिक बदली म्हणून मिळतात. त्यांत घासणं नसल्याने ही झीज होत नाही.

चवथीला आठ पोरं, कन्सोल एक

लाइट स्वस्त म्हणून घेतला आणि चवथीला सगळी भावंडं जमली की भांडणं ठरलेली. लाइट टीव्हीला जोडता येत नाही, त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. साधा स्विच किंवा ओएलईडी असेल तर जॉय-कॉन दोघांत वाटून टीव्हीवर खेळता येतं. एकट्याने बसमध्ये खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलीला लाइट पुरेसा आहे, एकत्र कुटुंबाला नाही. टीव्हीवर चित्र येत नसेल तर फोनचा चार्जर काढा. पहिल्या स्विचच्या डॉकला १५ व्होल्ट देणारा, शक्यतो मूळ अ‍ॅडॉप्टरच लागतो.

सेकंडहँड आणि मेमरी कार्ड

जुना स्विच घेताना विकणाऱ्यासमोर वाय-फाय जोडून ई-शॉप उघडा. पायरेटेड गेम चालवलेला कन्सोल निन्टेंडोने ऑनलाइन सेवांतून कायमचा काढून टाकलेला असू शकतो आणि ते ऑनलाइन गेल्याशिवाय कळत नाही. पहिल्या आरओजी अ‍ॅलीत उष्णतेमुळे कार्ड-रीडर बिघडण्याची तक्रार एसूसने मान्य केली होती, म्हणून त्यात कार्ड घालून अर्धा तास जड गेम चालवून बघा. स्विच २ ला साधं मायक्रोएसडी गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस लागतं. ‘१ टीबी’ लिहिलेलं संशयास्पद स्वस्त कार्ड कुठल्याच कन्सोलसाठी घेऊ नका.

मग घ्यायचा की नाही?

घरात बऱ्यापैकी लॅपटॉप असेल, प्रवास फारसा नसेल आणि खेळायला रात्रीचा एखादा तास मिळत असेल, तर माझं उत्तर नाही असं आहे. रोज पेडण्याहून पणजीला बसने ये-जा करणाऱ्याला, बोटीवर सहा-सहा महिने काढणाऱ्याला किंवा टीव्हीवर दुसऱ्या कुणाचा तरी कायम ताबा असलेल्या घरात उत्तर हो. बोटीवाल्याने मात्र डाउनलोड केलेले गेम ऑफलाइन उघडतात का, हे घरच्या वाय-फायवर असतानाच विमान मोड लावून तपासावं.

मधल्या लोकांसाठी एक स्वस्त चाचणी आहे. फोनला दोन्ही बाजूंनी अडकणारा कंट्रोलर घ्या, तो कन्सोलच्या किमतीच्या छोट्याशा भागात येतो. कंट्रोलर चालणारे दोन-तीन पूर्ण लांबीचे गेम फोनवर टाका आणि एक गेम शेवटपर्यंत खेळा. तो अर्धवट राहिला तर कंट्रोलर भाच्याला देऊन टाका. संपला आणि पुढचा शोधावासा वाटला, तर वर सांगितलेली पाच नावांची यादी लिहायला घ्या.